संग्रहालयातील विज्ञान-व्याख्याने

निसर्गविज्ञान संग्रहालय म्हणजे पेंढा भरलेल्या प्राण्यांची दालने एवढेच नव्हे. मांडलेली वस्तू मूक असते. तिचा अर्थ उलगडून सांगणारा जाणकार भेटला, म्हणजे ती बोलू लागते. संग्रहालयातील सार्वजनिक व्याख्यानांचे प्रयोजन हेच होय.

मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली. तिच्या सहकार्याने प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविज्ञान विभाग उभा राहिला. पुढे पक्षिशास्त्रज्ञ म्हणून विख्यात झालेले सलीम अली यांची १९२६ साली तेथे मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नेमणूक झाली. १९२८ मध्ये ते अभ्यासासाठी जर्मनीस गेले. परतल्यावर पाहतात तो निधीअभावी ते पदच रद्द झालेले! नमुने राहिले, समजावून सांगणारा मात्र गेला.

अशा व्याख्यात्याचे महत्त्व वडोदरा संग्रहालयातील निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापाशी उभे राहिल्यास ध्यानी येते. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या या प्राण्याची लांबी ७० फुटांहून अधिक आहे. नुसता पाहणारा ‘केवढा हा मासा!’ म्हणून पुढे जातो. जाणकार मात्र वल्ह्यासारख्या पुढील अवयवाकडे लक्ष वेधतो. देवमाशाच्या या अवयवात मनुष्याच्या हाताप्रमाणेच दंडाचे एक, कोपराखालची दोन आणि बोटांची हाडे असतात. देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलास दूध पाजतो. अर्थात तो मासा नसून सस्तन प्राणी आहे, आणि त्याचे प्राचीन पूर्वज भूमीवर वावरत होते.

सर्पांविषयीचे व्याख्यान तर प्राणरक्षकच ठरते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे विषारी सर्प ओळखता आले, म्हणजे उंदीर खाऊन पिकाचे रक्षण करणारी बिनविषारी धामण हकनाक मारली जात नाही. दंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे, कारण विषावर प्रतिविष हाच खरा उपाय आहे, हेही श्रोत्यांच्या मनावर ठसते.

शिक्षकांनी सहल नेताना सर्व दालने धावत पाहण्याऐवजी तीन-चार वस्तूच निवडाव्यात. प्रथम मुलांना पाहू द्यावे, मग प्रश्न विचारावा, आणि शेवटी स्वतः सांगावे. संग्रहालय दूर असल्यास सुगरणीचे गळून पडलेले घरटे, सापाची कात किंवा नदीकाठचा शिंपला यांवरही शाळेत किंवा चावडीवर असे व्याख्यान देता येईल. वस्तू समोर असावी आणि भाषा श्रोत्यांची असावी, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ होय.