सागरगोट्यांचा हिशेब

पोर सागरगोटे खेळू लागली की आपण ओरडतो, "पाटी घेऊन बस!" पण बायांनो, त्या खेळात हिशेबच आहे. तुम्हांला अजून आकडे गिरवता येत नसले, तरी हा धडा तुम्हीच देऊ शकता.

पाच सागरगोटे घ्या. एक वर उडवायचा. खाली राहिले चार. वरचा झेलायच्या आत खालचे उचलायचे. आधी एकेक. मग दोन-दोन. मग एकदम तीन, आणि राहिलेला एक. शेवटी चारही. कसेही उचला, भरतात चारच! हे पोरीचा हातच शिकतो. आपण मधेच विचारावे, "आता खाली किती उरले गं?" उत्तर मात्र सांगू नये. तिला मोजू द्यावे.

पोरग्यांनाही खेळायला बसवा. सागरगोटे नसले तर वाटोळे खडे चालतात. रांगते मूल जवळ असेल तर जपा, ते तोंडात घालते.