गाथेच्या गावी बायबल

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतो, राहायला देहूत. आम्ही ख्रिस्ती आहोत. घरी प्रार्थनेला बसलो की शेजारी हरिपाठ, हातात फोन आणि डोक्यात घराचा हप्ता. मन लागत नाही. एक नातेवाईक म्हणतात, गावचं वातावरणच आड येतं. तसं असेल का? आणि तुकोबांची गाथा वाचली तर श्रद्धा ढळते का?
— एक वाचक, देहू

उत्तर : तुमच्या तीन तक्रारींतली हरिपाठाची मी आधीच खोडून टाकली. नातेवाइकांनी रागावू नये.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव तुमच्या घरात नक्की असेल. उपासनेत आपण गातो त्यातली कितीतरी गीतं त्यांची. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, अशी कबुली त्यांनीच देऊन ठेवली आहे. पुढे त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगांतून गायली, कीर्तनातून सांगितली. म्हणजे ज्या गाथेला तुमचे नातेवाईक बिचकतात, तिच्या छंदात आपली मंडळी रविवारी सुखेनैव गातात! तेव्हा गाथा खुशाल वाचा. शेजारचा हरिपाठ सुरू झाला की तुम्हीही बायबल उघडा. वेळ पाळणारं शेजार मिळायला नशीब लागतं.

राहिले हप्ता आणि फोन. हे मात्र खरे चोर.

तुकोबांच्या घरी दुकान होतं, महाजनकी होती. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात दुकान बुडालं, पहिली बायको आणि मुलगा गेले. त्यानंतर येणे रकमांची निम्मी खतं त्यांनी भाऊ कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. तुम्ही हा प्रयोग करू नका. तुमचं खत बँकेकडे आहे आणि पैसे तुम्ही देणं लागता. पण बुडवलेल्या कागदांत काय होतं, ते बघा. कोण किती देणार आणि कधी देणार, हीच टोचणी. तुमची टोचणी उलट्या बाजूची, एवढाच फरक. पेरणाऱ्याच्या दाखल्यात काट्यांत पडलेलं बी असंच गुदमरतं. ते काटे म्हणजे संसाराची चिंता, असं प्रभूनेच उलगडून सांगितलं आहे. हप्त्याचा हिशेब महिन्यातून एकदा, वहीत, बायकोसोबत बसून करा. प्रार्थनेत तो आलाच तर हाकलू नका, तोच देवापुढे मांडा.

फोनबद्दल मार्काचा पहिला अध्याय काढा. येशू पहाटे, अंधार असतानाच, एकांतात प्रार्थनेला गेला. पेत्र आणि सोबती शोधत आले: सगळे तुला शोधताहेत! आपल्या फोनवरची दर दुसरी घंटी हेच सांगत असते. येशू त्या गर्दीकडे परतला नाही, पुढच्या गावांकडे निघाला. फोन स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर ठेवा. चार्जिंगला लावून उशाशी नको.

आता पाळी. रात्रपाळीवाल्याला पहाटेची प्रार्थना सांगणं म्हणजे थट्टाच. घड्याळाऐवजी कामाला बांधा: घरी येऊन सेफ्टी शूज काढले की, अंथरुणाला पाठ टेकण्याआधी, पाच मिनिटं. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंपनीची बस अडकते, तो वेळही तुमचाच. टिळकांच्या हाती नवा करार पडला तो रेल्वेच्या डब्यात; राजनांदगावला जाताना एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने दिला. पुढे डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. तेच, मत्तयाचे ५ ते ७ अध्याय, रोज दोन-चार वचनं, कागदावर उतरवून शर्टाच्या खिशात ठेवा. फोनवर वाचायला गेलात तर तिसऱ्या वचनाला कुणाचा तरी वाढदिवस निघेल.

आणि साप्ताहिक सुटीला, उन्हं चढायच्या आत, भंडारा डोंगर गाठा. तुकोबा एकांतासाठी तिथेच जात. वर टाळ वाजत असतील. जरा बाजूला, सावली बघून बसा. नातेवाइकांना चढ झेपत असेल तर त्यांनाही न्या.