तंबू घेऊन आइसलँडची प्रदक्षिणा

आइसलँडला वळसा घालणारा एक नंबरचा महामार्ग रिंगरोड म्हणून ओळखला जातो. त्याची लांबी सुमारे १,३२२ किलोमीटर. दक्षिणेकडे हिमनद्यांच्या पुरांनी पसरलेल्या वाळूच्या पट्ट्यावर १९७४ मध्ये पूल झाले, तेव्हा कुठे हे वर्तुळ जुळले. अंतर पाहून पाच-सहा दिवसांचा बेत आखला जातो आणि फसतो. मग निम्मे बेट खिडकीतूनच बघावे लागते. रोज तंबू लावून पुन्हा गुंडाळणाऱ्या जोडप्याने दहा दिवस तरी हाताशी ठेवावेत.

कॅम्पिंगसाठी जून ते ऑगस्ट हा काळ योग्य. जूनमध्ये रात्र अशी होतच नाही, त्यामुळे डोळ्यांवर बांधायची पट्टी घ्यावी. ऐन जुलैतही पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो; सह्याद्रीतल्या हिवाळी मुक्कामाची स्लीपिंग बॅग चालेल, पण खाली इन्सुलेटेड मॅट हवीच.

खरी गाठ थंडीशी नसून वाऱ्याशी असते. तंबू बुटका, घुमटाकार असावा, त्याची अरुंद बाजू वाऱ्याकडे करावी आणि खुंट्या पोलादी घ्याव्यात. गाडीचे दार उघडताना ते दोन्ही हातांनी धरावे. वाऱ्याने दार उलटे फिरून बिजागऱ्या वाकणे हे तिथले नेहमीचे नुकसान, आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात ते सहसा बसत नाही. प्रदक्षिणा उजवीकडून की डावीकडून, हेही हवामान खात्याचा वाऱ्याचा अंदाज पाहूनच ठरवावे. दक्षिणेत वादळ असेल तर उत्तरेकडून सुरुवात करावी. म्हणून मुक्काम आधीपासून पक्के करू नयेत. बहुतेक कॅम्पसाइटवर आरक्षण न करताही जागा मिळते.

मुक्काम मात्र कॅम्पसाइटवरच करावा. निसर्गसंरक्षणाच्या कायद्यानुसार कॅम्परव्हॅन किंवा कॅरॅव्हॅन घेऊन इतरत्र रात्र काढायची, तर जमीनमालकाची परवानगी लागते. रस्ता सोडून गाडी घालणे हा गुन्हा असून दंड जबर आहे. तिथल्या शेवाळावर उमटलेला चाकाचा माग बुजायला कित्येक दशके लागतात.

गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची असते. दिवे दिवसाही चालू ठेवावे लागतात. वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ९०, खडीच्या रस्त्यावर ८० आणि वस्तीत ५०. दोन लेनच्या चौकवर्तुळात आतल्या लेनमधल्या गाडीला आधी बाहेर पडू द्यायचे असते. एकेरी पुलावर जो आधी पोचेल तो आधी जातो. ‘एफ’ अक्षराच्या डोंगरी रस्त्यांवर फोर-व्हील-ड्राइव्हच लागते. रिंगरोडसाठी उन्हाळ्यात साधी गाडी पुरते. दोघे आळीपाळीने चालवणार असतील, तर दोघांची नावे भाडेकरारात हवीत. पेट्रोलपंपावर बहुधा माणूस नसतो, त्यामुळे पिन असलेले कार्ड दोघांकडेही असावे. पूर्व किनाऱ्यावर वस्ती विरळ. टाकी निम्मी झाली की भरून घ्यावी.

दक्षिणेकडून निघाल्यास स्कोगाफॉस हा ६० मीटरचा धबधबा लागतो आणि त्याच्या पायथ्याशीच तंबू लावता येतो. रात्रभर पाण्याचा गडगडाट चालू असतो. झोप सावध असेल तर विक गाव गाठावे. विकजवळच्या रेनिसफ्याराच्या काळ्या वाळूवर समुद्राकडे पाठ करू नये. शांत वाटणाऱ्या पाण्यातून अचानक मोठी लाट आत येते, आणि त्या लाटांनी माणसे नेली आहेत. पुढे वात्नायोकुल हिमनदीखालचे स्काफ्टाफेल, तरंगत्या हिमखंडांचे योकुलसारलोन सरोवर, मग पूर्वेचे फ्योर्ड. उत्तरेत डेटिफॉसची १०० मीटर रुंदीची, ४४ मीटर उंचीची राखाडी धार आणि मिवात्नचा ज्वालामुखी परिसर, यांसाठी दोन रात्री द्याव्यात. अकुरेरीनंतर रेक्याविकपर्यंत पाहण्यासारखे तुलनेने कमी.

पाणी विकत घेऊ नये. थंड नळाचे पाणी उत्तम असते. गरम नळाला गंधकाचा वास येतो, म्हणून चहासाठीही थंडच पाणी घेऊन तापवावे. गॅसची नळकांडी विमानात चालत नाहीत, ती तिथेच घ्यावी लागतात. हॉटेले महाग असल्याने मेतकूट, भाजलेला रवा, कोरड्या चटण्या असा शिधा बरोबर असलेला बरा. भाजी-पाव सुपरमार्केटात मिळतो. गावोगावच्या गरम पाण्याच्या तलावात उतरण्यापूर्वी कपडे काढून साबणाने अंघोळ करण्याचा नियम आहे, आणि तो कटाक्षाने पाळला जातो.

भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतो. वाहन चालवण्याच्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही ठेवावा. आणीबाणीचा क्रमांक ११२. सप्टेंबरच्या मध्यानंतर बऱ्याच कॅम्पसाइट बंद होतात; त्यानंतर जायचे झाल्यास तंबू घरी ठेवून गेस्टहाउसचाच बेत करावा.