पाडव्याआधीची आवराआवर

दिल्लीत गुढीपाडवा येतो तो थंडी सरल्यावर. मार्च-एप्रिलच्या त्या दिवसांत रजया, स्वेटर, शाली गच्चीवर उन्हात पसरल्या जातात आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून पेट्यांत ठेवल्या जातात. नववर्षापूर्वी घर झाडून-पुसून लख्ख करण्याची आपली रीत जुनीच आहे. दिल्लीतील मराठी घरांत तिला लोकरीच्या कपड्यांची ही आवराआवर आपोआप जोडली जाते. कडुलिंब पाडव्याच्या प्रसादात आणि पेटीच्या तळाशीही!

पेटी उघडली की प्रश्न उभा राहतो. मुलाला आखूड झालेला स्वेटर, कोपरावर विरलेला कोट, आजीची शाल. यांतले ठेवायचे काय, द्यायचे काय? "असू दे, लागेल कधीतरी," असे म्हणून आपण झाकण लावतो. या वाक्याला हसू नये. ज्यांनी टंचाई पाहिली, त्यांच्या तोंडचे ते वाक्य आहे. पूर्वी जुन्या लुगड्याची गोधडी होई, गोधडी विरली की तिचे पायपुसणे होई. उरलेले कपडे बोहारीण नेई आणि बदल्यात एखादे भांडे देई. वस्तू टाकली जात नसे, तिचे काम बदलत असे. आज मात्र "लागेल" म्हणून ठेवलेले बहुधा लागतच नाही, आणि कोणा गरजूला ते त्याच हिवाळ्यात हवे असते. आजीची शाल खुशाल ठेवावी. तिच्या आडोशाने राहिलेल्या दहा स्वेटरांचा विचार करावा.

दिल्लीतही बोहारणी आहेत. वाघरी समाजातील स्त्रिया गल्लोगल्ली भांडी देऊन जुने कपडे घेतात आणि पश्चिम दिल्लीतील रघुबीर नगरच्या बाजारात ते विकतात. तेथून धुऊन, शिवून हे कपडे पुन्हा कोणाच्या तरी अंगावर चढतात.

अगदी विरलेल्या लोकरीलाही पुढे वाट आहे. दिल्लीपासून सुमारे 90 किलोमीटरवर पानिपत आहे. मराठी मनाला हे नाव 14 जानेवारी 1761 या दिवसावाचून आठवतच नाही; आपण सर्वनाशालाच 'पानिपत' म्हणतो. त्याच गावातील कारखान्यांत परदेशांतूनही जुन्या कपड्यांच्या गासड्या येतात. बटणे काढून कपडे रंगांप्रमाणे निवडतात, त्यांच्या चिंध्या पिंजतात, सूत काततात आणि स्वस्त ब्लँकेटे विणतात. रंग आधीच निवडलेले असल्याने सूत पुन्हा फारसे रंगवावे लागत नाही. अर्थात, तेथील कामगारांच्या श्वासात तंतूंची धूळ जाते, हेही आपल्याला ठाऊक असावे.

अंशु गुप्ता यांनी 1999 मध्ये दिल्लीत 'गूंज' ही संस्था सुरू केली. शहरांतील जुने कपडे ती खेड्यांत पोहोचवते, पण भीक म्हणून देत नाही. गावकरी रस्ता दुरुस्त करतात, तळे उपसतात आणि कपडे हा त्या श्रमांचा मोबदला असतो. गुप्ता यांना 2015 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. फाटका, मळका कपडा 'दान' म्हणून देणाऱ्याने या पद्धतीचा जरूर विचार करावा.

जे कोणालाच न देता कचऱ्यात जाते, ते संपत नाही. गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर 1984 पासून वाढत गेला. 1 सप्टेंबर 2017 रोजी त्याचा एक भाग कोसळला आणि दोन माणसे मृत्युमुखी पडली.

कपड्यांचा निर्णय तसा सोपा, कागदांचा अवघड. जुनी बिले, लग्नपत्रिका रद्दीत जाऊ द्या. मात्र शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला आणि गुणपत्रिका, मग ती नापासाची का असेना, नीट फाइलमध्ये लावून ठेवा. पुन्हा शिकायला निघालेल्या माणसाची पावले पुष्कळदा अशा एका कागदावाचून अडतात. कागद जपावा, त्यावरचा 'नापास' हा शब्द वर्षानुवर्षे मनात कशाला बाळगायचा? मुक्त विद्यालयाची नोंदणी पाच वर्षे चालते, परीक्षेच्या नऊ संधी मिळतात आणि उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही.

पाठगत प्रश्न

1. 'वस्तू टाकली जात नसे, तिचे काम बदलत असे' हे विधान तुमच्या घरातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.

2. तुम्ही बराच काळ जपून ठेवलेली, पण न वापरलेली एक वस्तू निवडा. ती का ठेवली आणि आता कोणाला देता येईल, हे सहा-सात ओळींत लिहा.