साडेसातीचा हिशेब आणि नागरिकाचे कर्तव्य

वैज्ञानिक दृष्टिकोन व चौकस बुद्धी वाढविणे हे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने नागरिकाचे कर्तव्य ठरविले. कलम ५१-अ मध्ये ते नमूद आहे. हे कर्तव्य करायचे कसे, हे नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूरच्या उदाहरणाने पाहू.

या गावी घरांना दारे-कुलपे लावण्याची रीत नाही. चोराला शनी शिक्षा करतो म्हणून येथे चोरीच होत नाही, असे सांगितले जाते. परंतु चोरी न होणे आणि चोरीची नोंद न होणे या निरनिराळ्या गोष्टी आहेत. गावात पोलीस ठाणे आले ते २०१५ मध्ये. त्यापूर्वी २०१० मध्ये एका परगावच्या भाविकाने वाहनातील रोकड व ऐवज गेल्याची तक्रार केली होती. चोरी कबूल केल्याने जेथे देवाला कमीपणा येतो तेथे तक्रारीस कोण धजावेल? असे विचारणे म्हणजे गावाला नावे ठेवणे नव्हे. नोंद कोण ठेवतो, ती न होण्यात कोणाचे हित आहे, हे आधी पाहावे. सरकारी आकड्यांनाही हीच कसोटी लावावी.

आता साडेसाती. शनी सूर्यापासून सरासरी १४३ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याची एक फेरी सुमारे साडेएकोणतीस वर्षांची. म्हणून बारा राशींपैकी एकेकीत तो अडीच वर्षे राहतो, असे धरतात. जन्मराशी, तिच्या मागची व पुढची मिळून साडेसात वर्षे. म्हणजे कोणत्याही दिवशी बारांतील तीन राशींना, ढोबळमानाने दर चौघांतील एकाला साडेसाती असते! एकट्या भारतात हे ३५ कोटींच्या घरात जाते. एवढ्या लोकांवर खास संकटे येत असतील तर ती इस्पितळांच्या आणि न्यायालयांच्या नोंदवह्यांत दिसली पाहिजेत. ज्योतिषाकडे तो पुरावा मागावा.

शिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना बंदी होती. १९५६ च्या पूजास्थान प्रवेश कायद्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१६ रोजी स्त्रियांचा हक्क मान्य केला आणि ८ एप्रिलला चौथरा त्यांना खुला झाला. हा समतेचा विजय आहे. तो कमी लेखू नये. मात्र तेथे जाण्याची गरज आहे काय, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. तो आपल्यापुढे आहे.

१६१० मध्ये गॅलिलिओने दुर्बिणीतून शनी पाहिला तेव्हा त्याला तो तीन गोलांचा वाटला. १६५९ मध्ये हायगेन्सने दाखवून दिले की, ते कडे आहे. गॅलिलिओ थोर, म्हणून त्याची चूक झाकली गेली नाही. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला तो याच कारणासाठी. थोर माणसाचेही म्हणणे तपासायचे असते. आपल्या पुढाऱ्यांना हे रुचत नाही, हा भाग वेगळा.

मार्च २०२५ मध्ये शनी मीन राशीत आला. त्यापासून कुंभ, मीन आणि मेष या राशींना साडेसाती सांगितली जाते. अभ्यासवर्गातील प्रत्येकाने त्यानंतरचे आजारपण, कर्ज, नोकरी, घरातील चांगले-वाईट आधी कागदावर लिहावे. कागद गोळा झाल्यावरच ज्याची त्याची रास विचारावी. क्रम उलटा करू नये. रास आधी कळली की माणूस संकटे आठवू लागतो.