वाफ्याला ऊब, भाजी आगाप

माळव्याच्या पठारावरील धार व देवास जिल्ह्यांत पौष-माघातील रात्री कडाक्याच्या असतात. क्वचित दव गोठून रोपे करपतात. काकडी व दुधीभोपळ्याचे बी थंड, ओल्या मातीत कुजते आणि बियाण्याचा खर्च वाया जातो. चांगल्या उगवणीसाठी मातीचे तापमान किमान २० अंश सेल्सिअस असावे.

त्यासाठी गादीवाफे करून हलके पाणी द्यावे. ओलसर माती उष्णता अधिक साठविते. वाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने दाबाव्यात व आठवड्यानंतर बी पेरावे. काळे प्लास्टिक तण रोखते, परंतु माती कमी तापविते. उगवण होताच प्लास्टिक बांबूच्या कमानींवर चढवावे. दुपारी बाजू उघडाव्यात, अन्यथा रोपे होरपळतात, सूर्यास्तापूर्वी झाकाव्यात. वाळलेले गवत ऊन अडविते, म्हणून ते उन्हाळ्यातील आच्छादनासाठी राखावे.