तीन महिन्यांचा साखर रिपोर्ट आणि सिकलसेल

जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरी वसाहतीतील एका वाचकांनी पत्रातून विचारले आहे : उपाशीपोटी साखर १८० च्या आसपास येते, पण तीन महिन्यांच्या सरासरीचा, म्हणजे एचबीए१सीचा रिपोर्ट ५.८ टक्के. खरे कोणते मानायचे?

त्याआधी प्रथिनांविषयी थोडे. प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ आणि अंडी आठवतात. पण पेशीतील कामकरी मंडळीही प्रथिनेच. त्यांना एखादा लहानसा रासायनिक तुकडा चिकटला की त्यांचे काम बदलते, कधी जागाही बदलते. इन्शुलिनचेच पाहा. स्नायूच्या पेशीत साखर आत घेणारी ग्लूट-४ नावाची प्रथिने एरवी आतल्या पिशव्यांत पडून असतात. इन्शुलिन पेशीच्या दाराशीच थांबते. आत एका प्रथिनावरून दुसऱ्यावर फॉस्फेट चिकटत निरोप पुढे जातो आणि पिशव्या पेशीच्या कडेला येऊन लागतात. मग साखर आत शिरते. प्रौढांच्या नेहमीच्या मधुमेहात हा निरोप नीट पोचत नाही. स्नायू हलले तर मात्र इन्शुलिनवाचूनही ही प्रथिने कडेला येतात. मी पायी चालण्याचा एवढा आग्रह धरतो तो यासाठीच.

फॉस्फेट पेशी स्वतः लावते आणि काढतेही. साखरेचे तसे नाही. रक्तात ती वाढली की आपोआप, सावकाश प्रथिनांना चिकटत जाते. तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर ती पेशी असेपर्यंत सुटत नाही, आणि निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. एचबीए१सी म्हणजे या चिकटलेल्या साखरेचे मोजमाप. ६.५ टक्के किंवा त्याहून अधिक आले तर मधुमेह समजतात.

आता आपल्या भागातली अडचण. पूर्व विदर्भात सिकलसेलची कुटुंबे बरीच आहेत. 'एसएस' रुग्णाच्या तांबड्या पेशी दहा-वीस दिवसांतच फुटतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि साखर वाढलेली असूनही रिपोर्ट चांगला येतो! 'एएस' वाहकाच्या पेशी जवळजवळ पूर्ण आयुष्य जगतात. तेथे प्रश्न यंत्राचा, कारण काही पद्धतींत वेगळ्या हिमोग्लोबिनमुळे आकडा चुकतो. नुकतेच रक्त चढवले असेल तरी हा रिपोर्ट भरवशाचा नाही. लोहाच्या कमतरतेने तो उलट वाढलेला दिसू शकतो.

तेव्हा पत्रलेखकांनी ५.८ वर विसंबून गोळ्या कमी करू नयेत. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक, तीही दोन वेगळ्या दिवशी, एवढे मधुमेहाच्या निदानाला पुरे असते. सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर सरकारी रुग्णालयात करून घ्यावी. एसएस निघाल्यास साखरेवर लक्ष ठेवायला उपाशीपोटीची व जेवणानंतरची तपासणी, शिवाय डॉक्टरांना विचारून फ्रुक्टोसामाइन ही चाचणी करता येते. तीत रक्तद्रवातील प्रथिनांना चिकटलेली साखर मोजतात, त्यामुळे तांबड्या पेशींच्या आयुष्याचा प्रश्न येत नाही. मात्र ती मागच्या दोन-तीन आठवड्यांचेच सांगते. आणि घरात कोणी सिकलसेलचे असेल तर रक्त देतानाच लॅबवाल्याला तसे सांगावे. फॉर्मवर हा प्रश्न बहुधा नसतो.